बालमनाचे वारकरी : साने गुरुजी



आषाढीच्या वाटेवर आपण सर्वांनी एक देखावा कितीदा तरी पाहिला असेल. दिंडीत आईच्या बोटाला धरून चाललेले पाच-सहा वर्षांचे पोर एकाएकी वाटेतच फतकल मारून बसते आणि भोकाड पसरते. बाप दरडावतो, आजी पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू पुढे करते, मागचा विणेकरी हसून पुढे जातो. पोर गप्प होते खरे, पण बाळा, तुला भीती वाटली का, राग आला का, की घरची कपिला आठवली, असे त्याला विचारणारा विरळाच. मोठ्यांना वाटते, पोराला कसले आले आहे मन ! पोट भरले, डोळा लागला, की झाले.

आपला देव भावाचा भुकेला, असे आपण उठता बसता म्हणतो. मग लहान लेकराच्या भावाकडेच आपले दुर्लक्ष का व्हावे ? ज्या एका पुरुषाने महाराष्ट्राला हा प्रश्न आयुष्यभर विचारला, आणि पुढे त्याच भावनेच्या बळावर पंढरीचा दरवाजा उघडविला, त्या साने गुरुजींचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

गुरुजींचे पाळण्यातले नावच पांडुरंग. पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या पालगड गावी. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. वडील सदाशिवराव आणि आई यशोदा. देवाची लीला पाहा, पांडुरंगाची आई यशोदाच असायची ! ह्या माउलीच्या हाती शेवटी दागिना उरला नाही, घरात सुखाचा घास उरला नाही. पण लेकराचे मन ओळखण्याची जी विद्या तिच्यापाशी होती, ती भल्याभल्या पंडितांपाशी नसते. पुढे गुरुजींनी ‘श्यामची आई’ ह्या पुस्तकात ह्या आईच्या आठवणी श्यामच्या तोंडून सांगितल्या. त्यांतल्या दोन-तीन प्रसंगांचा विचार केला म्हणजे ही विद्या काय होती ते कळेल.

लहानग्या श्यामला पाण्याची भीती. बरोबरीची पोरे विहिरीत धडाधड उड्या मारीत, आणि हा माळ्यावर जाऊन लपला. आईने शिंपटी घेतली, फोडून काढला आणि विहिरीवर पाठविला. एवढेच घडते तर त्यात नवल काय ? असा मार कोणत्या घरी नसतो ! पण मुलगा पोहून घरी आल्यावर तिने त्याला जवळ घेतले. आपल्या पोराला लोकांनी भित्रा म्हणावे, हे आपल्याला सोसवत नाही म्हणून मारले, हे तिने त्याला समजावून सांगितले. म्हणजे मुलाच्या मनातल्या भीतीलाही नाव मिळाले आणि आईच्या रागामागच्या मायेलाही. आज आपण मुलाला मार द्यावा, असे मी मुळीच सांगत नाही. काळ पालटला आणि ते बरेच झाले. पण रागावून झाल्यावर पोराजवळ बसून आपल्या रागाचा हिशेब देणारी माणसे आजही किती आहेत, ते ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

दुसरा प्रसंग पायांचा. आंघोळ झाल्यावर आपल्या ओल्या तळव्यांना माती लागू नये, असा श्यामचा हट्ट. आईने आपले लुगडे धोंडीवर पसरले, त्यावर पाय ठेवून त्याला चालू दिले, आणि पायाला जसा जपतोस तसाच मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे त्याच्या मनावर ठसविले. हट्टाची टर उडविली नाही, हट्ट मोडलाही नाही. त्याच हट्टातून बोध काढला. मुलाच्या वृत्तीला वाट करून देणे म्हणतात ते ह्यालाच.

तिसरा प्रसंग आपल्या संप्रदायाच्या काळजाचा. एक महार म्हातारी रस्त्यात लाकडांची मोळी पडल्यामुळे अडली होती. तिला हात कोण लावणार ? आईने श्यामला पाठविले, मोळी उचलून तिच्या डोक्यावर दे म्हणाली, आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असेही म्हणाली. आई जुन्या काळची. तिने अर्धी वाट चालून दाखविली. तिच्या लेकाने उरलेली अर्धी वाट चालायला चाळीस वर्षे घेतली, पण ती तो पंढरपुरापर्यंत चालला. ते पुढे येईलच.

गरिबीमुळे पांडुरंगाचे शिक्षण अनेक ठिकाणी झाले. पालगड, दापोली, मग औंध, मग पुणे. २ नोव्हेंबर १९१७ रोजी आई गेली, तेव्हा हा मुलगा तिच्या उशाशी नव्हता. हे शल्य जन्मभर राहिले. सज्जनहो, दुःख सर्वांनाच होते. कोणी ते गिळतो, कोणी ते दुसऱ्यावर ओकतो. गुरुजींनी ते जपून ठेवले आणि पंधरा-सोळा वर्षांनी त्याची गोष्ट करून साऱ्या महाराष्ट्राच्या लेकरांना वाटून टाकली. भावनेचे सोने करणे ते हे.

एम्. ए. पर्यंत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून गुरुजी खानदेशात अमळनेरला आले. अमळनेर आपल्याला परके नाही. बोरी नदीच्या काठी संत सखाराम महाराजांचे स्थान आहे, आणि वैशाखात तिथे मोठी यात्रा भरते. ह्या गावी आधी तत्त्वज्ञान मंदिरात आणि मग १९२४ पासून हायस्कुलात त्यांनी काम केले. शाळेच्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि इथे त्यांच्यातली आई जागी झाली.

खेड्यापाड्यांतून आलेली मुले. घरापासून प्रथमच दूर. कोणाला रात्री झोप येत नाही, कोणी अंथरुणात तोंड खुपसून रडतो, कोणी उगीचच भांडण उकरून काढतो. दुसरा एखादा व्यवस्थापक छडी घेऊन फिरला असता. गुरुजींनी काय केले ? मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, की ती नसताना स्वतः झाडून ठेवाव्या, मळके कपडे धुऊन टाकावे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढावी. मुलगा परत येऊन पाहतो तो खोली लख्ख. त्याला जी लाज वाटे, ती शंभर छड्यांनी वाटली नसती. आणि ती लाज जाळणारी नव्हती, उजळणारी होती; कारण तिच्यामागे धाक नव्हता, माया होती.

ह्याच छात्रालयात गुरुजींनी आणखी एक गोष्ट केली. ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. रोज आपल्या हाताने लिहावे आणि मुलांपुढे ठेवावे. त्यात मुलांच्याच जगातले विषय, देशाच्या गोष्टी, थोरांची चरित्रे, मनातले विचार. छापखाना नाही, पैसा नाही. कागद, दौत आणि जागणारा एक माणूस. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघाले, ते ह्याच झऱ्याचे पुढचे पाणी. आपल्यासाठी कोणी तरी रोज लिहितो, आपल्या मनात चालते ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, हे त्या मुलांना ह्यातून कळत होते. भावना ही दडवायची वस्तू नाही, शब्दांत मांडायची वस्तू आहे, ही जाणीव लहान वयात झाली, की पोराचा निम्मा संसार सुधारला म्हणून समजा.

१९३० साली देशात सत्याग्रहाचा वणवा पेटला. गुरुजींनी शाळा सोडली आणि तुरुंग पत्करला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील बंद्यांचा सहवास घडला, त्यांच्या भाषांची गोडी लागली. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात तर भाग्यच उघडले. आपल्या नागपूरशेजारच्या वर्ध्याहून आलेले विनोबा तिथेच बंदीत होते. त्यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने केली. अठरा अध्याय, अठरा रविवार. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर टिपून घेत. आज घरोघरी ‘गीता-प्रवचने’ वाचली जातात, ती ह्या लेखणीमुळे उरली. माउलींपुढे सच्चिदानंद बाबा बसले होते, तसा हा प्रसंग म्हणावा. दुसऱ्याचे बोलणे सबंध मनाने ऐकणे, ही गुरुजींची खरी सिद्धी. जो विनोबांचे ऐकू शके, तोच रडणाऱ्या पोराचेही ऐकू शके.

आणि मग नाशिकचा तुरुंग. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लेखणी धरली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे खाली ठेवली. पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. १९३५ साली ती छापून आली. पुस्तकाची मांडणी पाहा : आश्रमात संध्याकाळी प्रार्थना होते, मुले आणि गावकरी भोवती बसतात, आणि श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. हे आपल्या कीर्तनाचेच रूप झाले की नाही ? फरक इतकाच, की इथे हरदास स्वतःचीच फजिती सांगतो. मी भ्यालो, मी चोरी केली, मी आईला टाकून बोललो, मला लाज वाटली. ऐकणाऱ्या मुलाला वाटते, अरे, हे तर माझेही होते ! आपल्या मनातल्या काळोखाला नाव मिळाले, की निम्मा काळोख जातो. मोठे माणूस आधी आपले मन उघडे करते, तेव्हाच लहान माणूस उघडे करू धजते. उपदेशाने कवाड बंद होते, गोष्टीने उघडते.

पुढे आचार्य अत्र्यांनी ह्या पुस्तकावरून १९५३ मध्ये बोलपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. गुरुजींनी आपल्या पुतणीला, सुधाला, लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ मात्र सर्वांनी वाचलेली नसतील. पाने, फुले, पाऊस, पाखरे, गावातली माणसे, ह्यांच्याविषयी एक मोठा माणूस एका लहान मुलीशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. पाहा कसे, आणि पाहून काय वाटले ते सांगा कसे, ह्याचे ते धडेच आहेत. पण धड्याचा वास कुठे नाही.

सज्जनहो, ही रीत गुरुजींनी कुठून आणली ? शिक्षणशास्त्राचे ग्रंथ त्यांनी वाचले असतील. पण मुळे आपल्याच अंगणात आहेत. आपल्या संतपरंपरेत लेकरांच्या मनाला कधी कमी लेखलेले नाही. नामदेवराय लहान. बापाने नैवेद्य देऊन देवळात पाठविले. देव जेवत नाही, हे पाहून ते पोर रडले, रुसले, पायरीवर डोके आपटू लागले. देवाने त्याला वेडे म्हटले नाही, देव जेवला. ज्ञानोबाराय लोकांच्या छळाला विटून ताटी लावून बसले, तेव्हा त्यांचा राग कोणी ओळखला ? धाकट्या मुक्ताईने. तिने दार फोडले नाही, त्यांना दोष दिला नाही. दाराबाहेर उभी राहून अभंग म्हटले, आणि ताटी उघडली. जनाई तर विठोबावर रागावते, भांडते, रुसते. आणि त्याचे गाणे होते. राग आला तर गा, रडू आले तर गा, आनंद झाला तर नाचून फुगडी घाल. टाळ, चिपळी, ओवी, रांगोळी, काला, हे सगळे मनातला भाव हाता-पायांत आणि गळ्यात उतरविण्याचेच मार्ग. आपली वारी ही ह्या विद्येची फिरती शाळाच आहे. गुरुजींनी ती शाळा लहान मुलांपर्यंत नेली, एवढेच.

पण गुरुजींची भावना नुसती डोळ्यांतून वाहणारी नव्हती. मुलांना कोवळे मन द्यायचे आणि जगाने त्यांच्याशी कठोर राहायचे, हे त्यांना पटेना. चोखोबा हे आपल्या विदर्भातले, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजा गावचे, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी महाद्वाराशी, आणि त्यांच्या लेकरांना मात्र शेकडो वर्षे आत मज्जाव. देवाच्या दारी आलेल्या पोराने बापाला विचारले असेल, बाबा, आपण इथूनच का परतायचे ? त्या पोराच्या मनात उठले असेल त्या भावनेला नाव काय ? त्याला उत्तर देण्याची आपल्या संप्रदायाची हिंमत झाली नाही, हे कबूल करावेच लागेल.

१९४६ च्या कार्तिकीच्या सुमारास गुरुजींनी उपवासाचा निश्चय जाहीर केला. वडीलधाऱ्यांनी थांबविले. मग ते मंदिरप्रवेशाच्या प्रचारासाठी महाराष्ट्रभर हिंडले. बरोबर सेवादलाचे कलापथक, गाणी, पोवाडे. कित्येक गावच्या विहिरी आणि देवळे खुली झाली. पंढरीचा दरवाजा मात्र उघडेना. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, गुरुजी उपोषणाला बसले. मठ वारकऱ्याचा, हे विशेष लक्षात ठेवावे. गांधीजींनीही उपवास सोडावा असे कळविले. अपुऱ्या माहितीमुळे त्यांचा गैरसमज झाला होता. ज्यांना देवासमान मानले, त्यांचाच असा निरोप आला, तेव्हा ह्या हळव्या माणसाच्या जिवाची काय दशा झाली असेल ! पण ते ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, बडवे मंडळींनी संमती दिली, आणि १० मे रोजी उपवास सुटला. विठोबाची भेट सर्वांना मोकळी झाली. म्हातारीच्या डोक्यावर मोळी देणाऱ्या त्या पोराने आईची उरलेली अर्धी वाट पुरी केली, ती अशी. पांडुरंग नावाच्या लेकाने पांडुरंगालाच सोडविले, असे म्हणावेसे वाटते.

इथे नागपूरकर म्हणून एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. पंढरीचे दार उघडल्यावर साडेनऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आमच्याच गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बुद्धधम्माची दीक्षा घेतली. त्यांचा मार्ग त्यांनी विचाराने निवडला, त्याला आपला नमस्कार. पण दीक्षाभूमीवरून जाताना वारकऱ्याच्या मनात एक टोचणी राहिलीच पाहिजे. दार उघडले, पण फार उशिरा. लेकरू दाराशी रडत असताना घरच्यांनी ऐकले नाही, तर लेकरू आपले घर दुसरीकडे बांधते. त्यात दोष लेकराचा नव्हे.

स्वातंत्र्य आले आणि पाठोपाठ गांधीजींची हत्या झाली. गुरुजींनी २१ दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक काढले. प्रांताप्रांतांची मने जुळावी म्हणून आंतरभारतीचे स्वप्न मांडले. पण आतून ते थकत चालले होते. समाजातला द्वेष, माणसामाणसांतली कठोरता त्यांना सोसवेना. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हातांनी आपली जीवनयात्रा संपविली.

हे लिहिताना लेखणी अडखळते. पुष्कळ चरित्रकार हा शेवट आडपडद्याने सांगतात. आपण तसे करू नये, आणि त्यांना दोषही देऊ नये. ज्याने हजारो लेकरांचे रडणे ऐकले, त्याचे रडणे त्या दिवसांत पुरते ऐकायला कोणी जवळ नव्हते, की होते आणि त्यांना कळले नाही, हे देव जाणे. पण बोध स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या मनाची काळजी वाहणाऱ्यालाही कोणी तरी विचारावे लागते, की बाबा, तुला काय होते आहे ? आपल्या घरात, आपल्या दिंडीत, आपल्या भजनी मंडळात एखादा हळवा जीव गप्प गप्प होऊ लागला, तर त्याच्याजवळ जाऊन बसावे. मुक्ताईने ताटीबाहेर उभे राहावे, तसे. आणि आपल्याच मनाला तसे वाटू लागले, तर ते लपवू नये; जवळच्या माणसाला सांगावे, जाणत्या वैद्याचे साह्य घ्यावे. आपल्या संतांनी आपले दुःख देवापुढेही सांगितले आणि संतांपुढेही सांगितले. त्यात कमीपणा मानला नाही.

गुरुजींच्या मागे त्यांच्या चाहत्यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. गावोगावी मुलांना जमवावे आणि गोष्टी सांगाव्या, एवढे साधे ते काम. तेच काम आपल्याला का करता येऊ नये ? नागपुरात, खेड्यापाड्यांत भजनी मंडळे आहेत, एकादशीचे कीर्तन आहे, हरिपाठ आहे. लहान मुले आपल्याबरोबर येतात, कोपऱ्यात पेंगतात, आणि उठवून घरी नेली जातात. त्यांच्यासाठी पाव घटका राखून ठेवावी. एखाद्या बुजुर्गाने आधी स्वतःच्या लहानपणची एक आठवण सांगावी; विजयाची नव्हे, भ्याल्याची, चुकल्याची. मग मुलांना विचारावे, तुम्हांला ह्या आठवड्यात कधी राग आला, कधी रडू आले, कधी हसू आले ? सांगता येत नसेल त्याने रांगोळीने काढावे, मातीचा विठोबा करावा, टाळ हळू किंवा जोराने वाजवून दाखवावा. कोणी हसू नये, कोणी उपदेश करू नये. शेवटी सर्वांनी मिळून नाम घ्यावे. ह्याला पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि थोडा कान.

वारीच्या वाटेवर फतकल मारून बसलेल्या त्या पोराशेजारी पुढच्या आषाढीला आपण दोन क्षण टेकलो, आणि लाडू देण्याआधी त्याच्या मनाची विचारपूस केली, तर पालगडच्या त्या यशोदेचे ऋण थोडे तरी फिटेल. दिंडी पुढे जाईल म्हणून भिऊ नये. विठोबा विटेवर अठ्ठावीस युगे उभा आहे. एका लेकरासाठी तो आणखी थोडा थांबेल.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल !